बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेत कॅमेरा कोण धरतं?

पित्ताशयात खडे निघाले की डॉक्टर सांगतात, "दुर्बिणीतून काढू." घरची माणसं निर्धास्त होतात. बिनटाक्याचं ऑपरेशन, म्हणजे किरकोळच! थिएटरमध्ये मात्र मुख्य सर्जनचे दोन्ही हात अवजारांत गुंतलेले असतात आणि पोटातली कॅमेरा जोडलेली दुर्बीण दुसराच कुणीतरी धरून असतो. जिथे वैद्यकीय शिक्षण चालतं अशा रुग्णालयांत हा दुसरा म्हणजे बहुधा निवासी डॉक्टर, कधी इंटर्न, कधी एमबीबीएसचा विद्यार्थी. त्याच्या कामाबद्दल आणि तयारीबद्दल रुग्णांचे गैरसमज आहेतच, डॉक्टरांचेही आहेत.

त्यातला सर्वांत घातक समज असा की कॅमेरा धरायला काही यावं लागत नाही, नुसतं स्थिर उभं राहिलं की झालं. पण उघड्या शस्त्रक्रियेत सर्जन मान वळवून स्वतः पाहू शकतो. इथे त्याला पडद्यावर येईल तेवढंच दिसतं. पित्ताशय काढताना मुख्य पित्तनलिकेला इजा झालेल्या २५२ रुग्णांचा एक अभ्यास अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ९७ टक्के प्रकरणांत मूळ कारण होतं दृष्टिभ्रम: एक नळी दुसरीच समजली गेली. त्या अभ्यासाने कॅमेरा धरणाऱ्याला दोष दिलेला नाही. तरी जिथे सगळी भिस्त दिसण्यावर आहे, तिथे दाखवणाऱ्याचं काम दुय्यम कसं मानायचं?

शिवाय ते काम हाताच्या सवयीविरुद्ध चालतं. दुर्बीण पोटाच्या भिंतीतल्या छिद्रावर टेकलेली असते, त्यामुळे बाहेरचा हात उजवीकडे नेला की आतलं टोक डावीकडे जातं. हात खाली नेला की टोक वर. पडद्यावरचं चित्र मोठं होऊन आलेलं, म्हणून हाताचा बारीकसा कंपही मोठा दिसतो; आणि ते बहुतेक ठिकाणी सपाट असतं, म्हणून खोलीचा अंदाज चुकतो. दुर्बीण ३० अंशांची असली की आणखी एक कसब लागतं. तिचं भिंग तिरपं असतं. खाली पाहायचं तर प्रकाशाची केबल वर फिरवायची, डावीकडे पाहायचं तर उजवीकडे. हे करताना कॅमेऱ्याचं डोकं मात्र सरळच ठेवायचं. नवखा विद्यार्थी केबलबरोबर कॅमेराही फिरवतो आणि पडद्यावरचं सगळं पोट कलंडतं. सर्जन ओरडतो, विद्यार्थी घाबरतो, हात आणखी थरथरतो. हा ताण सहन करायला लावणं म्हणजे शिक्षण, असं अजूनही अनेकांना वाटतं. मला ते साफ नामंजूर आहे. त्याची किंमत टेबलावर झोपलेला रुग्ण मोजतो.

"आम्ही बघून बघूनच शिकलो," हे ज्येष्ठांचं म्हणणं खोटं नाही. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातली पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईत केली. तेव्हा या तंत्राचा आखीव अभ्यासक्रम हाताशी नव्हता. अमेरिकेत 'फंडामेंटल्स ऑफ लॅपरोस्कोपिक सर्जरी' हा अभ्यासक्रम २००४ मध्ये आला. पुढे तिथे जनरल सर्जरीच्या बोर्ड परीक्षेसाठी तो सक्तीचाही झाला. म्हणजे नुसतं बघून शिकणं ही तेव्हाची अडचण होती, आजची सबब नव्हे.

मग शिकायचं कशावर? सिम्युलेटरवरचा, म्हणजे नकली पोटावरचा, सराव हा तर खेळ, खऱ्या पोटात त्याचा उपयोग काय, असं विचारलं जातं. येल विद्यापीठातल्या चाचणीने २००२ मध्ये याचं उत्तर दिलं. १६ निवासी डॉक्टरांपैकी निम्म्यांनी ठरावीक पातळी गाठेपर्यंत आभासी सिम्युलेटरवर सराव केला, मग सर्वांनी खऱ्या रुग्णांवर काम केलं. सराव केलेल्यांचं पित्ताशय सोडवण्याचं काम २९ टक्के लवकर झालं. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलत्याच जागी भाजण्याची शक्यता पाचपट होती. डॉक्टर थोडे होते हे खरं, पण फरक डोळ्यांत भरण्याजोगा आहे.

त्यासाठी महागडं यंत्रच हवं, हाही गैरसमजच. छिद्रं पाडलेली पेटी, आत साधा वेबकॅम, समोर पडदा एवढ्यावर बॉक्स ट्रेनर तयार होतो. आत वेगवेगळ्या कोनांत अंक चिकटवायचे आणि क्षितिज न कलंडवता एकेक अंक पडद्याच्या मध्यभागी आणायचा. वेबकॅम एकाच जागी बसवलेला असला तर अवजारांचाच सराव होतो, म्हणून कॅमेऱ्यासाठी तो दांड्यावर बसवून छिद्रातून आत सोडावा लागतो. केबल फिरवण्याच्या सवयीसाठी मात्र ३० अंशांची खरी दुर्बीण, निदान जुनी, हवीच.

व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मुलाला हे आपोआप येईल, असं पालक आशेने म्हणतात. २००७ च्या एका अभ्यासात, पूर्वी आठवड्याला तीन तासांहून जास्त गेम खेळलेल्या सर्जननी सरावाच्या कामांत ३७ टक्के कमी चुका केल्या होत्या. पण गेममुळे हात तयार झाला की तयार हातामुळे गेम आवडला, हे त्यावरून ठरत नाही.

एक दिवसाची कार्यशाळा आणि प्रमाणपत्र यांनीही भागत नाही. कौशल्य वेगळं असलं तरी धडा तोच: कॅनडात ३८ निवासी डॉक्टरांना सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडायला शिकवलं गेलं. काहींना चारही सत्रं एकाच दिवशी दिली, काहींना आठवड्याला एक. महिन्याभराने पाहिलं तर आठवड्याला एकेक सत्र शिकलेलेच सरस ठरले.

सिम्युलेटरच्या मर्यादाही आहेत. पेटीत रक्त उडत नाही, भिंगावर वाफ धरत नाही, जुन्या सुजेने चिकटलेलं पित्ताशय तिथे भेटत नाही. ते थिएटरमध्येच, शेजारी अनुभवी सर्जन उभा असताना शिकावं लागतं. आपल्याकडे २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात कौशल्य प्रयोगशाळा आवश्यक ठरवली आहे. तिथे टाके घालण्याच्या रबरी त्वचेशेजारी अशी एक पेटी ठेवावी, आणि अंकांचा सराव जमल्याशिवाय विद्यार्थ्याच्या हाती खऱ्या पोटातली दुर्बीण देऊ नये.