आयन

आयन : निव्वळ धन किंवा ऋण विद्युत् भार असलेला अणू वा अणुगट. उदासीन अणूने एक वा अधिक इलेक्ट्रॉन गमावल्यास धन आयन व जादा इलेक्ट्रॉन स्वीकारल्यास ऋण आयन तयार होतो. ग्रीक भाषेतील ‘जाणारा’ अशा अर्थाच्या शब्दावरून बनविलेली ही संज्ञा मायकेल फॅराडे यांनी १८३४ मध्ये वापरात आणली. विद्रावातून विद्युत् प्रवाह जाताना काही कण विद्युत् अग्रांकडे सरकतात, एवढेच त्यांना अभिप्रेत होते. या कणांवर भार कोठून येतो याचा उलगडा इलेक्ट्रॉन (जे. जे. टॉमसन, १८९७) व अणुकेंद्र (अर्नेस्ट रदरफर्ड, १९११) यांचा शोध लागल्यावरच झाला.

अणुकेंद्रात धन भारित प्रोटॉन व भाररहित न्यूट्रॉन असतात. प्रोटॉनांची संख्या म्हणजे अणुक्रमांक. मूलद्रव्य कोणते हे तिच्यावरूनच ठरते. इलेक्ट्रॉनाचे वस्तुमान प्रोटॉनाच्या सुमारे १/१८३६ असून भार तेवढाच, पण ऋण असतो. सोडियमाचे अणुकेंद्र ज्वारीच्या दाण्याएवढे मानले, तर त्याचे इलेक्ट्रॉन शंभर मीटरांहून अधिक त्रिज्येच्या परिसरात वावरतात असे म्हणावे लागेल. रासायनिक विक्रियांत अणुकेंद्राला धक्का लागत नाही. देवघेव होते ती बाहेरच्या कवचातील इलेक्ट्रॉनांची.

सोडियमाच्या (अणुक्रमांक ११) कवचांत अनुक्रमे २, ८ व १ आणि क्लोरिनाच्या (अणुक्रमांक १७) कवचांत २, ८ व ७ इलेक्ट्रॉन असतात. सोडियमाचा बाहेरचा इलेक्ट्रॉन क्लोरिनाकडे गेला म्हणजे दोहोंच्या बाहेरच्या कवचांत आठ इलेक्ट्रॉन होतात. अणूंना ‘पूर्ण कवच हवे असते’ म्हणून मीठ बनते, असे शालेय पुस्तकांत आढळणारे स्पष्टीकरण मात्र अपुरे आहे. सोडियमाचा इलेक्ट्रॉन काढण्यास दर मोलला ४९६ किलोजूल ऊर्जा लागते आणि क्लोरिनाने तो स्वीकारताना ३४९ किलोजूलच परत मिळते. ही तूट भरून निघते ती विरुद्ध भारांचे आयन स्फटिकात एकत्र येताना मुक्त होणाऱ्या सुमारे ७८७ किलोजूल ऊर्जेमुळे. पाण्यात मीठ विरघळते तेव्हा पाण्याचे रेणू या आयनांना वेढून त्यांना अलग ठेवतात.

आयनांचा औद्योगिक उपयोग थेरगाव व त्याभोवतीच्या पिंपरी–चिंचवड–चाकण पट्ट्यात सहज पाहावयास मिळतो. वाहनांच्या पोलादी सुट्या भागांवर जस्त, निकेल वा क्रोमियम यांचे विद्युत् विलेपन (कामगारांच्या भाषेत ‘प्लेटिंग’) करतात. जस्ताच्या लवणाच्या विद्रावात पोलादी भाग ऋणाग्र म्हणून टांगतात; जस्ताचा प्रत्येक आयन तेथे दोन इलेक्ट्रॉन घेऊन धातुरूप होतो. सर्व प्रवाह याच कामी आला, तर एक अँपिअर प्रवाहाने तासाभरात सुमारे १·२२ ग्रॅम जस्त बसते. [⟶ विद्युत् विच्छेदन].

क्रोमियमाची गोष्ट वेगळी व अधिक चिंतेची आहे. नेहमीच्या विलेपन कुंडात ते षट्संयुजी अवस्थेत, ऑक्सिजनाशी बद्ध अशा ऋण आयनाच्या रूपात असते. क्रोमेट आयनाची घडण सल्फेट आयनासारखी असल्याने पेशी त्याला सल्फेट समजून आत येऊ देतात. षट्संयुजी क्रोमियम मानवात कर्करोगकारक ठरले आहे. त्रिसंयुजी क्रोमियम पेशीत सहसा शिरत नाही व कितीतरी कमी विषारी आहे. मूलद्रव्य एकच, प्रोटॉन दोन्हींत २४. भेद केवळ इलेक्ट्रॉनांचा. म्हणूनच देशांतर्गत पृष्ठजलात सोडावयाच्या सांडपाण्यातील षट्संयुजी क्रोमियमावर लिटरला ०·१ मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे, तर एकूण क्रोमियमास २ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. थेरगाव पवनेच्या काठी असून ही नदी पुढे दापोडीजवळ मुळेस मिळते. येथे हा फरक केवळ पुस्तकी नाही.

सांडपाणी अम्लीय करून त्यात सोडियम बायसल्फाइट मिसळल्यास क्रोमियमाचे त्रिसंयुजी अवस्थेत क्षपण होते. नंतर चुना घातला असता हायड्रॉक्साइडाचा हिरवट साका खाली बसतो. क्षपण पूर्ण होण्यापूर्वीच चुना घातला, तर षट्संयुजी आयन पाण्यातच राहतात. क्रोमियम या क्रियेने नष्ट होत नाही, त्याच्या इलेक्ट्रॉनांची संख्या तेवढी बदलते. वेगळा केलेला गाळ अम्लाच्या संपर्कात आल्यास त्यातील आयन पुन्हा विद्रावात येतात. त्यामुळे तो उघड्यावर न टाकता घातक कचऱ्यासाठी राखलेल्या, तळाशी अपार्य अस्तर असलेल्या भरावक्षेत्रातच पुरावा लागतो.