दुसऱ्यांसाठी ओरडता ओरडता

दर फेब्रुवारीत फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये मिकी माउस पाहायला आलेल्यांच्या गर्दीत एक वेगळीच गर्दी मिसळते. केसांत भलीमोठी रिबीन, अंगात शाळेच्या रंगांचा गणवेश, पाठीला सॅक आणि ओठांवर सतत ‘पाच, सहा, सात, आठ’. नॅशनल हायस्कूल चिअरलीडिंग चॅम्पियनशिपसाठी अमेरिकेच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या या शाळकरी मुली असतात; अधूनमधून मुलगेही. तयारी वर्षभराची आणि सादरीकरण फार तर अडीच मिनिटांचं.

आपल्याकडे चिअरलीडर हा शब्द घरोघरी पोचला तो २००८ साली, आयपीएलबरोबर. चौकार गेला की सीमारेषेजवळ नाचणाऱ्या परदेशी मुली, एवढीच ती ओळख. महाराष्ट्रात तर त्यांच्या कपड्यांचा वाद मंत्र्यांपर्यंत गेला. त्यामुळे ‘चिअरलीडिंगची शालेय राष्ट्रीय स्पर्धा’ म्हटलं की मराठी माणसाच्या भुवया वर जातात. खरं तर त्याने आयपीएल विसरावं आणि दहीहंडी आठवावी. मग हा सगळा प्रवास पटकन कळतो.

सुरुवात पुरुषांची आहे. नोव्हेंबर १८९८मध्ये मिनेसोटा विद्यापीठाचा फुटबॉल संघ हरत चालला होता. प्रेक्षकांत बसून ओरडण्यापेक्षा त्यांच्यासमोर उभं राहून सगळ्यांना एका सुरात ओरडायला लावावं, असं जॉनी कॅम्पबेल नावाच्या विद्यार्थ्याला वाटलं आणि त्याने तसं केलं. चिअरलीडिंगचा जन्म या घटनेपासून मोजतात. पुढची पंचवीस वर्षं हे काम मुलांचंच होतं आणि त्याला मान होता. लष्करी अकादमीत गुडघा दुखावल्यावर, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले आयझेनहॉवर चिअरलीडर झाले. कितीतरी नंतर धाकटे जॉर्ज बुशही अँडोव्हरच्या शाळेत चिअरलीडरांचे प्रमुख होते. मिनेसोटात मुली आल्या त्या १९२३मध्ये. दुसऱ्या महायुद्धात मुलं आघाडीवर गेली आणि मैदानाच्या कडेची जागा मुलींकडे आली. मुलं परतली, पण ती जागा मुलींकडेच राहिली.

या हौसेला शिस्त लावली लॉरेन्स हर्किमर यांनी. टेक्ससच्या या माणसाने १९४८ साली नॅशनल चिअरलीडर्स असोसिएशन काढली आणि हंट्सविलला पहिलं शिबिर घेतलं. आल्या ५२ मुली आणि एक मुलगा. एक पाय दुमडलेला, दुसरा ताठ बाजूला फेकलेला अशी त्यांची उडी आजही ‘हर्की’ म्हणून शिकवतात. हातातल्या झिरमिळ्यांच्या गोंड्यांचं, म्हणजे पॉमपॉमचं, पेटंटही त्यांनी १९७१मध्ये घेतलं. पुढे या क्षेत्रात कलेइतकाच धंदाही आला, त्याचं बीज इथे आहे.

दरम्यान चिअरलीडर होणं ही शाळेतली प्रतिष्ठेची गोष्ट झाली होती, आणि प्रतिष्ठा आली की ती कोणाला मिळते हा प्रश्नही येतोच. टेक्ससच्या क्रिस्टल सिटीतल्या शाळेत बहुसंख्य मुलं मेक्सिकन वंशाची होती, पण चिअरलीडरांत त्यांच्यातल्या जेमतेम एकीला जागा मिळे. डिसेंबर १९६९मध्ये विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला. मागण्या वाढत गेल्या आणि पुढच्याच वर्षी त्या चळवळीतून ‘ला रासा उनिदा’ हा राजकीय पक्ष उभा राहिला. चिअरलीडरच्या निवडीवरून पेटलेली ठिणगी थेट मतपेटीपर्यंत गेली. १९९१ साली तर टेक्ससच्याच चॅनलव्ह्यू गावात एका आईला अटक झाली. आपल्या मुलीची जागा पक्की व्हावी म्हणून तिने प्रतिस्पर्धी मुलीच्या आईच्या खुनाची सुपारी देऊ केल्याचा आरोप होता.

स्पर्धेचं युग आणलं जेफ वेब यांनी. हर्किमर यांच्या संस्थेतून बाहेर पडून १९७४ साली त्यांनी युनिव्हर्सल चिअरलीडर्स असोसिएशन सुरू केली. घोषणांना त्यांनी जिम्नॅस्टिक्स आणि संगीताची जोड दिली आणि १९८०मध्ये शाळांची राष्ट्रीय स्पर्धा भरवली. लवकरच ती ईएसपीएनवर दिसू लागली आणि पुढे डिस्ने वर्ल्डला स्थिरावली. दुसऱ्याच्या विजयासाठी घसा कोरडा करणाऱ्या मुलीला स्वतःचा विजय आणि स्वतःचा पराभव मिळाला. चिअरलीडिंगच्या इतिहासात माझ्या मते याहून मोठी घटना नाही.

त्या अडीच मिनिटांत घडतं काय? नऊ पट्ट्या जोडून केलेली चटई, ५४ फूट रुंद आणि ४२ फूट खोल. क्लबांच्या स्पर्धेत चटईखाली स्प्रिंग असतात, शालेय स्पर्धेत नसतात. उडी मारायची ती स्वतःच्या पोटऱ्यांच्या जोरावर. एक स्टंट जवळून पाहू. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, त्या बेस. तिसरी मागे, ती बॅकस्पॉट. चौथी फ्लायर. फ्लायर बेसच्या तळहातांवर पाय ठेवते आणि ठरलेल्या आकड्याला तिघी मिळून तिला खांद्यांपर्यंत, मग डोक्यावर नेतात. बॅकस्पॉट तिचे घोटे धरून असते आणि तिची नजर फ्लायरवरून क्षणभरही हलत नाही. फ्लायरने अंग लाकडासारखं ताठ ठेवायचं. ती वर जरा सैल पडली की खालच्यांचे हात लटपटलेच. बास्केट टॉस असेल तर खालच्या एकमेकींची मनगटं गुंफून चौकोन करतात, तिला हवेत उडवतात आणि गिरकी घेऊन खाली येताना हातांच्या झोळीत झेलतात. हे सगळं आठच्या मोजणीत, आणि चेहऱ्यावर हसू ठेवून. टाळ्या वरचीला मिळतात. खालच्यांच्या मनगटांवरच्या पट्ट्या मात्र कॅमेऱ्याला दिसत नाहीत. थर लावणाऱ्या कोणत्याही गोविंदाला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

लोकप्रियतेबरोबर आरसेही समोर आले. २००० सालच्या ‘ब्रिंग इट ऑन’ या चित्रपटात सॅन डिएगोच्या सुखवस्तू शाळेचा राष्ट्रीय विजेता संघ असतो, पण आपली गाजलेली सादरीकरणं ईस्ट कॉम्प्टनच्या कृष्णवर्णीय मुलींकडून चोरलेली आहेत हे त्याच्या नव्या कर्णधाराला कळतं. शेवटी त्या ईस्ट कॉम्प्टनच्या मुलीच जिंकतात. पोरकट वाटणाऱ्या या सिनेमाने श्रेय कोणाचं हा प्रश्न नेमका पकडला. २००६ साली ‘चिअरलीडर नेशन’ या मालिकेने केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या पॉल लॉरेन्स डनबार हायस्कूलचा स्पर्धेपर्यंतचा प्रवास घरोघरी दाखवला. राष्ट्रीय विजेतेपदांच्या यादीत केंटकीच्या शाळांचं नाव पुन्हा पुन्हा येतं.

पण कसरत जितकी अवघड झाली, तितकी हाडं मोडू लागली. २००६च्या मार्चमध्ये दक्षिण इलिनॉय विद्यापीठाची एक चिअरलीडर बास्केटबॉलच्या सामन्यात मनोऱ्यावरून सुमारे पंधरा फुटांवरून पडली. तिला स्ट्रेचरवरून नेत असताना बँडने विद्यापीठाचं गीत सुरू केलं आणि ती झोपल्या झोपल्या हातांच्या हालचाली करू लागली. प्रेक्षागृहाने तिला टाळ्यांचा गजर करून निरोप दिला. तिच्या जिद्दीला सलाम. पण मानेला पट्टा असताना आपलं काम चोख करावं असं तिला वाटावं, हे मला अस्वस्थ करतं. या अपघातानंतर नियम कडक झाले. शाळांच्या नियमांत मनोरा दोन माणसांच्या उंचीपुरताच असतो.

मग खरा वाद उभा राहिला: हा खेळ आहे का? २००९मध्ये कनेटिकटमधल्या क्विनिपिॲक विद्यापीठाने मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद करून त्याजागी स्पर्धात्मक चिअरलीडिंग मुलींचा खेळ म्हणून मोजायचा घाट घातला. व्हॉलीबॉलच्या मुली न्यायालयात गेल्या. समान नियम, नीट आखलेला हंगाम, रीतसर अंतिम स्पर्धा यांतलं फारसं काही अजून नाही, तेव्हा हा खेळ म्हणून मोजता येणार नाही, असं २०१०मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं. दोनच वर्षांनी, २०१२मध्ये, अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने उलट बाजूने आग्रह धरला: याला खेळ म्हणा, म्हणजे प्रशिक्षित शिक्षक, वैद्यकीय तपासणी आणि दुखापतींची नोंद आपोआप येईल. डॉक्टरांना मानापेक्षा मुलींच्या मणक्यांची काळजी होती. मिशिगनने १९९४पासूनच शालेय स्पर्धा सुरू केल्या होत्या. कॅलिफोर्नियाने २०१५मध्ये कायदा करून मान्यता दिली. २०२१मध्ये ऑलिंपिक समितीनेही चिअरच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली.

मधल्या काळात धंदा फोफावला. वेब यांनी उभारलेली व्हर्सिटी ही कंपनी शिबिरं घेते, गणवेश विकते आणि स्पर्धाही भरवते. २००४मध्ये हर्किमर यांनी काढलेली संस्थाही तिच्याच छत्राखाली आली. २०१७मध्ये गणवेशावरच्या पट्ट्यांच्या नक्षीचा वाद तिने सर्वोच्च न्यायालयात जिंकला. मक्तेदारीच्या आरोपांवरून दाखल झालेले दावे मात्र कोट्यवधी डॉलर मोजून मिटवावे लागले. स्पर्धेने मुलींना स्वतःचं मैदान दिलं, पण मैदानाचं तिकीट, त्यावरचे कपडे आणि तिथे पोचण्याची वाट एकाच दुकानात ठेवली. या चार दशकांचा हिशेब मांडताना ही बाजूही लिहावी लागते.

आपल्याकडे दहीहंडीची गोष्टही याच वळणांनी गेली. २०१४मध्ये उच्च न्यायालयाने थरांची उंची आणि गोविंदांचं वय यांवर बंधनं घातली, पुढच्या वर्षी सरकारने तिला साहसी खेळ म्हटलं आणि २०२२मध्ये खेळाचा दर्जा देण्याची घोषणा झाली. दोन्हीकडे अनुभव एकच: दर्जा कागदावर लवकर येतो, गादी, हेल्मेट आणि विमा मागाहून. माझं मत बालरोगतज्ज्ञांच्या बाजूने आहे. ज्यात पोरं पडतात, त्याला खेळ म्हणायला मागेपुढे पाहू नये. म्हटलं की जबाबदारी कोणाची हे ठरतं.

फक्त एक गंमत सांगायची राहिली. डिस्नेच्या त्या चटईवर कोणताही फुटबॉल संघ नसतो, धावफलक नसतो, जिंकून द्यायला दुसरं कोणी नसतं. तरीही त्या अडीच मिनिटांतला एक भाग संगीत बंद ठेवून, फलक आणि भोंगे हातात घेऊन, प्रेक्षकांना आपल्या शाळेच्या नावाने ओरडायला लावण्यासाठी असतो. १८९८ साली कॅम्पबेलने जे केलं, नेमकं तेच. आणि त्याला आजही गुण असतात.