आभासी संगणक उभा राहत नाही तेव्हा



वरच्या वर्गांतील मुले घरी सांगतात, "संगणकातला दुसरा संगणक चालूच होत नाही." पालकांना वाटते, यंत्र जुने झाले. विश्वस्त मंडळींकडे नव्या यंत्रांची मागणी जाते. म्हणून थोडे खुलासेवार लिहीत आहोत.

प्रोग्रामिंग शिकताना सर्वांकडे एकसारखी मांडणी हवी. व्हर्च्युअलबॉक्स आपल्या संगणकात एक आभासी संगणक चालवते. मिचेल हाशिमोतो यांनी २०१० साली सुरू केलेले व्हेग्रंट एका फाइलमधील सूचना वाचून तो आपोआप उभा करते. 'व्हेग्रंट अप' म्हटले की झाले. निदान व्हायला पाहिजे!

अडले तर काय? आपल्या लालबागचा कुंडी भंडारा आठवा. सातपुड्याकडून झिरपणारे पाणी भुयारातून कुंडीमागून कुंडीत येते. वरची वाट तुंबली तर खालच्या कुंडीतला गाळ कितीही उपसा, पाणी येणार नाही. इथेही तसेच. पडद्यावर पानभर इंग्रजी येते आणि मुले शेवटची ओळ धरून बसतात. आम्ही हिंदी माध्यमात शिकलेलो, ती धास्ती आम्हाला ठाऊक आहे. पण वर जाऊन पहिली तक्रार शोधावी. पुढच्या बहुधा तिच्याच पोटी जन्मलेल्या असतात.

त्या तक्रारीत 'व्हीटी-एक्स' किंवा 'एएमडी-व्ही' हे शब्द दिसले, तर यंत्र जुने आहे असे लगेच समजू नये. प्रोसेसरमधील ही सोय पुष्कळदा बायोसमध्ये बंद असते. शिक्षकांसमोर ती चालू करावी. पैसा लागत नाही. विंडोजचे हायपर-व्ही चालू असल्यासही ओढाताण होते. वाट पाहून वेळ संपल्याचा संदेश आला, तर व्हर्च्युअलबॉक्समधून त्या आभासी संगणकाची खिडकी उघडावी. गाडी कुठे थांबली ते तिथे दिसते.

सर्वांत जास्त गोंधळ मात्र वेगळाच. मुले फाइलमध्ये नवे सॉफ्टवेअर बसवण्याची सूचना लिहितात, पुन्हा 'व्हेग्रंट अप' करतात, आणि काहीच बदलत नाही. कारण बसवण्याच्या सूचना एरवी पहिल्या उभारणीतच चालतात. नंतर 'व्हेग्रंट प्रोव्हिजन' ही आज्ञा द्यावी लागते.

'व्हेग्रंट डिस्ट्रॉय' अगदी शेवटी. सामायिक फोल्डरमधील फाइली आपल्या संगणकावर राहतात, पण आभासी संगणकाच्या आत साठवलेला डेटाबेस जातो. महिनाभराची मेहनत त्यातच असेल, तर आधी प्रत बाहेर काढावी.

मदत मागताना यंत्राचा क्रमांक व तक्रारीची पहिली ओळ प्रयोगशाळेच्या वहीत उतरवावी. नव्या यंत्राच्या मागणीसोबत ही वहीही विश्वस्तांपुढे ठेवू.