साडेअठरा हजारांचं खानापूर, अडीच लाखांचं खानापूर

खानापूर केवढं, असं परगावच्या पाहुण्यानं विचारलं तर दोन उत्तरं देता येतात आणि दोन्ही खरी असतात. पहिलं शिरगणतीचं. २००१ साली नगरपंचायतीच्या हद्दीत साडेसोळा हजार माणसं होती, २०११ साली ती साडेअठरा हजार झाली. दुसरं उत्तर आठवडी बाजाराच्या दिवशी स्टँडवर उभं राहिलं की आपोआप मिळतं. जांबोटीकडची, गुंजी-लोंढ्याकडची, नंदगड-हलशीकडची आणि बिडी-इटगीकडची माणसं एकाच पेठेत उतरतात. दोनशेहून अधिक गावं आणि अडीच लाखांच्या आसपास लोकवस्ती असलेल्या तालुक्याला कचेरीचं काम असो, दवाखाना असो की कॉलेज, आधी इथंच यावं लागतं.

बेळगावपासून २६ किलोमीटरवर मलप्रभेच्या काठी हे गाव वसलं आहे. नदी उगम पावते ती आपल्याच तालुक्यात, पश्चिमेला कणकुंबीला. तिथून ती खानापूरला येते, पुढं सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडते आणि कुडलसंगमाला कृष्णेत मिळून बंगालच्या उपसागराची वाट धरते. त्याच तालुक्यातल्या देगावच्या रानात म्हादई जन्मते. ती मात्र पाठ फिरवून गोव्यात उतरते, मांडवी होते आणि पणजीला अरबी समुद्रात जाते. दोघींची माहेरं एका तालुक्यात आणि सासरं देशाच्या दोन टोकांना! कळसा-भांडुऱ्याचं पाणी मलप्रभेकडं वळवायचं की नाही, हा कर्नाटक आणि गोव्यातला तंटा याच पाणलोटाच्या रेषेवरचा. लवादानं २०१८ साली निवाडा दिला, पण वाद अजून मिटलेला नाही.

तालुक्याचा नकाशा समोर धरला तर खानापूर नेमकं सांध्यावर बसलेलं दिसतं. पश्चिमेला सह्याद्रीचं दाट रान आणि मन मानेल तसा कोसळणारा पाऊस. आमगावला २०१० साली दहा हजार मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली होती. मधल्या पट्ट्यात भाताची खाचरं. पूर्वेला कक्केरी, पारिश्वाडकडं सरकावं तशी झाडी विरळ होते, जमीन सपाट होते, आणि बोली मराठीकडून कानडीकडं वळते. बाजारपेठेत तर मराठी, कानडी, कोंकणी आणि उर्दू अशा चार भाषांत एकाच वेळी भाव होतो. घेणाऱ्या-देणाऱ्यांना त्याचं काही वाटत नाही. कागदावर मात्र या मिसळीचा निकाल लागणं अवघड गेलं. १९६७ च्या महाजन अहवालानं बेळगाव शहर म्हैसूर राज्यातच ठेवायला सांगितलं आणि खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्यायला. त्यातलं काही झालं नाही, आणि महाराष्ट्रानं २००४ साली दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

गावाच्या मातीला स्वतःचा गुण आहे. इथली चिकणमाती कौलांना, विटांना आणि भांड्यांना चांगली. खादी आणि ग्रामोद्योग आयोगानं कुंभारकामाची केंद्रीय संस्था काढायला खानापूर निवडलं ते उगीच नव्हे. आता घरांवर स्लॅब आले आणि कौलांचे दिवस सरत गेले, तरी जुन्या आळ्यांत पावसाळ्याआधी कौलं चाळण्याचं काम अजून निघतं.

आता लोकसंख्येकडं जरा बारकाईनं पाहू. २००१ ते २०११ या दहा वर्षांत खानापूर शहर जेमतेम १२ टक्क्यांनी वाढलं. त्याच काळात बेळगाव जिल्हा तेराहून जास्त आणि कर्नाटक राज्य साडेपंधरा टक्क्यांनी वाढलं. तालुक्याचं ठिकाण, रेल्वे स्टेशन, पणजीला जाणारा हमरस्ता, सगळं असून गाव जिल्ह्याच्याही मागं! कारण शोधायला लांब जायला नको. खेड्यातला मुलगा शिकायला खानापूरला येतो, पण नोकरीला इथं थांबत नाही. बेळगाव तासाभरावर आहे, गोवा घाट उतरला की आहे, पुण्याची रातराणी आहे. खानापूर हा त्याच्या प्रवासातला पहिला थांबा, मुक्काम नव्हे. आणि ज्या मुलखातून माणसं यायची तो मुलूखच विरळ. तालुका पावणेदोन हजार चौरस किलोमीटरचा, पण एका चौरस किलोमीटरला माणसं दीडशेच्या आसपास. राज्याची सरासरी ३१९ आहे.

ही विरळ वस्ती आता आणखी विरळ होत आहे. २०११ च्या डिसेंबरात भीमगडच्या १९० चौरस किलोमीटर रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. बारापेडेच्या गुहेतल्या दुर्मीळ वटवाघळांसाठी, वाघांसाठी आणि नद्यांच्या उगमांसाठी ते गरजेचंच होतं. पण त्या रानात गवाळी, कोंगळा, पास्टोली, आमगाव, तळेवाडी अशी पिढ्यान्‌पिढ्यांची गावं आहेत. रस्ता करायचा तर वनखात्याची परवानगी, विजेची तार ओढायची तरी तेच. २०२४ च्या पावसाळ्यात आमगावच्या एका आजारी बाईला गावकऱ्यांनी तिरडीवजा डोलीत घालून भर पावसात जंगलवाटेनं काही किलोमीटर खांद्यावरून आणलं, तेव्हा कुठं गाडीचा रस्ता लागला. तळेवाडीच्या २७ कुटुंबांनी रान सोडायला संमती दिली आणि २०२५ साली त्यांना सरकारी भरपाईचे धनादेश मिळाले, कुटुंबामागं एकूण १५ लाख रुपये ठरवून.

पंधरा लाख ही रक्कम ऐकायला मोठी वाटते. बेळगावच्या आसपास जागेचे भाव विचारून पाहावेत, म्हणजे तिचं माप कळतं. शिवाय रानातल्या घराबरोबर शेताचा तुकडा, गुरांचं कुरण, पावसाळ्यातल्या रानभाज्या, गावदेवाचा गाऱ्हाणा, हे सगळं जातं. दुसरी बाजूही खोटी नाही. ज्या आईला बाळंतपणासाठी डोलीत बसावं लागलं, तिला मुलीनं रस्त्याकडेला नांदावं असं वाटलं तर तिला दोष कुणी द्यावा? माझ्या मते प्रश्न जावं की राहावं हा नाही. राहिलेल्यांना पूल आणि गेलेल्यांना जमीन वेळेत मिळते का, हा आहे.

२०२१ ची शिरगणती झालीच नाही. पुढची १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून व्हायची आहे. म्हणजे तालुक्याचा हिशेब सोळा वर्षांनी मांडला जाईल. त्यात खानापूर शहराचा आकडा वाढलेला दिसेलही. पण त्याच वहीत तळेवाडीसमोर काय लिहिलं जातं, आणि तिथून उठलेली २७ घरं कुठल्या गावाच्या नावाखाली मोजली जातात, तेही पाहायला हवं. आपल्या माणसांनी मोजणीदार दारात येईल त्या दिवशी घरात थांबावं, कामाला गोव्याला किंवा पुण्याला गेलेल्यांची माहिती हाताशी ठेवावी, आणि मातृभाषेच्या रकान्यात घरात जी बोलली जाते तीच भाषा सांगावी.