डाइव्ह कॉम्प्युटर नेमकं मोजतो तरी काय?

मागे अंदमानला डाइव्ह करताना एक गंमत झाली. मी आणि माझा मित्र एकत्रच उतरलो आणि वीसेक मीटरवर शेजारी-शेजारी पोहत होतो. त्याच्या मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर सांगत होता, अजून १२ मिनिटं थांबलात तरी चालेल. माझा सांगत होता, ७ मिनिटं. पाणी तेच, खोली तीच, टाकीतली हवासुद्धा तीच. मग खरं कोणाचं?

वर आल्यावर मला वाटलं, एकाचा सेन्सर बिघडलाय. चूक! अंगातला नायट्रोजन मोजणारा सेन्सर त्या यंत्रात नसतोच. तो मोजतो पाण्याचा दाब आणि वेळ, बाकी सगळा हिशेब. तुमच्यापैकी जे मॉडेलिंगकडे वळणार आहेत त्यांनी हे जरूर समजून घ्या, कारण मोजमाप कुठे संपतं आणि मॉडेल कुठे सुरू होतं हे इथे फार स्वच्छ दिसतं.

समुद्रात दर १० मीटरला साधारण १ बार दाब वाढतो. म्हणजे ३० मीटरवर ४ बार. तेवढ्या दाबाची हवा श्वासात घेतली की नायट्रोजन रक्तातून ऊतींमध्ये विरघळत जातो. झपकन वर आलात तर तो बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडतो; सांधे दुखतात, वाईट प्रसंगी पाय लुळे पडतात. म्हणून वर येताना टप्प्याटप्प्याने थांबायचं. पण कुठे आणि किती वेळ?

याचं पहिलं व्यवस्थित उत्तर १९०८ साली ब्रिटनमध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन आणि सहकाऱ्यांनी दिलं, तेही बकऱ्यांवर प्रयोग करून. (दुखणारा पाय बकरी उचलून धरते, त्यामुळे निरीक्षण सोपं!) त्यांनी शरीराचे पाच काल्पनिक कप्पे मानले. प्रत्येकाचा हाफ-टाइम वेगळा, ५ मिनिटांपासून ७५ मिनिटांपर्यंत. पुढे झुरिकमध्ये आल्बर्ट ब्यूलमान यांनी हे कप्पे १६ केले, ४ मिनिटांपासून ६३५ मिनिटांपर्यंत. आजचे बरेच कॉम्प्युटर याच हिशेबावर चालतात. एक लक्षात ठेवा, कप्पा म्हणजे यकृत किंवा गुडघा नव्हे. तो गणितातला डबा आहे.

आता कागद-पेन घ्या. १२.५ मिनिटांचा कप्पा घेऊ. सुरुवातीला त्यात नायट्रोजन ०.७९ बार. ३० मीटरवर श्वासातला नायट्रोजन ४ × ०.७९, म्हणजे ३.१६ बार. एका हाफ-टाइमनंतर फरक निम्मा होतो: १.९८. आणखी एकानंतर, म्हणजे २५ मिनिटांनी, २.५७. (श्वासातली पाण्याची वाफ इथे सोडून दिलीये.) ब्यूलमानच्या तक्त्यानुसार हा कप्पा पृष्ठभागावर साधारण २.२५ बारपर्यंतच सहन करतो. म्हणजे थेट वर जाता येणार नाही. उलटा हिशेब केला तर बाहेरचा दाब निदान १.२३ बार हवा, म्हणजे २.३ मीटर खोली. यालाच सीलिंग म्हणतात. कॉम्प्युटर सहसा पुढच्या ३ च्या पटीला जातो आणि पडद्यावर ‘३ मीटर’ असं दाखवतो. सोळाही कप्प्यांचा हा हिशेब दर काही सेकंदांनी नव्याने होतो आणि ज्याची सीलिंग सगळ्यात खोल, त्याचं ऐकलं जातं. तुम्ही ३ मीटरवर थांबलात की कप्पा त्याच हाफ-टाइमने रिकामा होऊ लागतो. सीलिंग शून्यावर आली की स्टॉप संपला.

मग आमच्या दोन मनगटांचं काय? मॅन्युअल उघडलं तेव्हा कळलं. फरक होता ग्रेडियंट फॅक्टरचा. वरच्या उदाहरणात बाहेरचा दाब १, मर्यादा २.२५, मधलं अंतर १.२५. त्यातलं ८५ टक्केच वापरायचं ठरवलं तर मर्यादा २.०६ होते, ९५ टक्के ठरवलं तर २.१९. माझ्यावर ८५ होतं, त्याच्यावर ९५. बाकी मॉडेल एकच. दोघांपैकी कमी वेळ दाखवणाऱ्याचं ऐकायचं असा रिवाज आहे, तसेच आम्ही वर आलो होतो.

या हिशेबात आकड्यांची निवड किती महागात पडू शकते, त्याचा किस्सा म्हणजे डीप स्टॉप. रिचर्ड पाइल हे मत्स्यशास्त्रज्ञ खोलवरून मासे पकडून आणत. माशांच्या पोटातली हवेची पिशवी टोचायला त्यांना वाटेत मध्येच थांबावं लागे, आणि अशा दिवशी थकवा कमी येतो असं त्यांच्या लक्षात आलं. बुडबुड्यांची नवी मॉडेल्सही हेच सांगत होती: पहिला स्टॉप खोलवर घ्या, बुडबुडे वाढूच देऊ नका. पटण्यासारखं आहे ना? मलाही पटलं होतं. अनेक कॉम्प्युटरमध्ये ते शिरलंही.

मग अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग युनिटने ते तपासलं. १७० फूट खोली, ३० मिनिटं काम, आणि दोन्ही गटांना वर येताना एकूण १७४ मिनिटांचेच स्टॉप. फक्त एका गटाचा पहिला स्टॉप ७० फुटांवर, दुसऱ्याचा ४० वर. २०११ च्या अहवालानुसार उथळ स्टॉपच्या १९२ डाइव्हमध्ये ३ जणांना त्रास झाला, खोल स्टॉपच्या १९८ मध्ये १० जणांना. चाचणी मध्येच थांबवावी लागली. स्पष्टीकरण आपल्या कप्प्यांतच आहे: खोलवर थांबता तेव्हा जलद कप्पे रिकामे होतात, पण मंद कप्पे अजून भरतच असतात, आणि मग त्यांच्यासाठी वरचा वेळ पुरत नाही. ही तुलना एकाच खोलीची, हवेवरची, लांबलचक डीकम्प्रेशनची आहे. हौशी डाइव्हनंतर ५ मीटरवर ३ मिनिटं थांबतो त्या सेफ्टी स्टॉपचा याच्याशी संबंध नाही.