सगळेच जंत नसतात



पावसाळ्यात मुळशीतल्या कातकरी वाड्यांवर गेले की एक वाक्य हमखास कानावर येते : "ताई, पोराच्या पोटातून जंत पडतात, गोळी द्या." राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ साली सुरू झाला, तेव्हापासून अंगणवाडीतली अल्बेंडाझोलची गोळी घरोघरी माहीत झाली, हे चांगलेच झाले. पण शौचातून वळवळत पडणारे सगळेच जंत नसतात. काही वेळा त्या माशीच्या अळ्या असतात.

उघड्या भाकरीवर, कालवणावर किंवा अर्धवट वाळलेल्या मासळीवर घरमाशी अंडी घालते. उबदार हवेत एका दिवसाच्या आत त्यांतून अळ्या निघतात. राखाडी मांसमाशी तर जिवंत अळ्याच टाकते. असे अन्न पोटात गेले की बहुतेक अळ्या मरतात. थोड्या चिवट असतात, त्या आतड्यापर्यंत जगतात. मग पोटात मुरडा, मळमळ, उलटी, जुलाब. कुणाला काहीच त्रास होत नाही. डॉक्टर याला मायासिस म्हणतात. या अळ्या जंतांसारख्या आतड्यात ठाण मांडत नाहीत आणि पोटात त्यांची पैदासही होत नाही. दूषित खाणे थांबले की त्या बहुधा आपोआप पडून जातात. म्हणून पुन्हा पुन्हा जंताची गोळी देणे हा त्यावर इलाज नव्हे. शौचात रक्त दिसले, उलट्या थांबेनात किंवा मूल मलूल पडले, तर मात्र दवाखाना गाठायलाच हवा.

ओळखायचे कसे? सुतासारखा बारीक, पांढरा तो सूतकृमी. अळी जाडसर असते. एक टोक निमुळते, दुसरे बोथट, अंगावर वळ्या. तरी नुसत्या डोळ्यांनी फसगत होते. उघड्यावर पडलेल्या शौचावर माशी नंतर येऊन बसते आणि तिच्याच अळ्या "पोटातल्या" म्हणून दाखवल्या जातात! म्हणून मी आयांना सांगते, स्वच्छ कोरड्या भांड्यात ताजे शौच धरा, लगेच झाका आणि आरोग्य केंद्रात न्या.

आता खरी अडचण. ताम्हिणीकडच्या पावसात सुकट वाळत नाही, चूल नीट पेटत नाही, आई पहाटे मजुरीला जाते. सकाळचे कालवण संध्याकाळपर्यंत टोपात राहते, आणि टोपावर झाकण नसते. "स्वच्छता पाळा" एवढे सांगून हे कसे सुटणार?

कापणीच्या सणाला आपल्यापैकी अनेकजण शिजवलेले जेवण वाडीवर पाठवतात. प्रेम कळते, पण ते तासन्‌तास उघडे राहते. यंदा त्याऐवजी स्टीलचे डबे आणि मासळी झाकायला बारीक जाळी द्या. डबे वापरलेले चालतील, झाकण मात्र घट्ट बसणारे हवे.