घामाची लाज

आजच्या भाषणाचा विषय कांहीं जणांस सभ्य संभाषणाला न शोभणारा वाटेल. काखेंतील घाम ही चारचौघांत बोलण्याची गोष्ट नव्हे, असें आपण धरून चालतों. आणि म्हणूनच ज्या वयांत तिच्याविषयीं बोलण्याची सर्वांत अधिक गरज असते, त्या वयांतील मुलेंमुली ती मुकाट्यानें सोसतात. मी हें शिकलों तें एका चुकीमुळें, आणि ती चूक माझीच होती.

आंबेगांव तालुक्याच्या पश्चिम टोकास, सह्याद्रीच्या कड्यावर आहुपे हें गांव आहे. कड्याखालीं कोंकण पसरलेलें दिसतें आणि घोड नदीचा उगम याच परिसरांत होतो. तेथें शिक्षक असतांना एका चैत्रांत मीं वर्गाच्या भिंतीवर तालुक्याचा नकाशा टांगला व घोड नदीचा उगम विचारला. आपल्याच गांवची नदी! सारे हात वर झाले. एक तेरा-चौदा वर्षांचा हुशार मुलगा मात्र दोन्ही दंड अंगाशीं घट्ट दाबून खालीं पाहत बसला होता. मला तो उद्दामपणा वाटला. मीं त्याला पुढें बोलाविलें आणि नकाशावर बोट ठेवावयास सांगितलें. नकाशा उंच होता. हात वर गेला, काखेपासून बरगडीपर्यंत भिजलेला सदरा सर्वांना दिसला आणि वर्ग हंसला. सांगावयास लाज वाटते, पण मीही हंसलों.

चार दिवस तो शाळेंत आला नाहीं. पांचव्या दिवशीं त्याची आजी आली. म्हणाली, "गुरुजी, पोर आजारी न्हाई. त्येची काख गळती, म्हून त्ये लाजतंय."

आतां या गळण्याचें कारण पाहूं. मनुष्याच्या त्वचेंत वीस ते चाळीस लक्ष घर्मग्रंथि असतात. त्यांतील बहुतेक जन्मापासून काम करतात. त्यांचा घाम म्हणजे पाणी आणि थोडें मीठ. तो वाळतांना अंगांतील उष्णता घेऊन जातो. दुसऱ्या जातीच्या ग्रंथि काख, जांघ अशा मोजक्या ठिकाणींच असतात व वयांत येईपर्यंत त्या निजलेल्या असतात. त्यांचा स्राव दाट व स्निग्ध असतो. या दोन्ही स्रावांना मुळांत दुर्गंधि नसते. त्वचेवरचे सूक्ष्म जंतु त्या स्निग्ध स्रावाचें विघटन करतात, तेव्हां वास सुटतो. म्हणजे ओल ही एक तक्रार आणि वास ही दुसरी. साबणानें वास जातो. ओल थांबत नाहीं. "नीट आंघोळ करीत जा" हा उपदेश दिवसांतून दोनदां आंघोळ करणाऱ्या मुलाला किती झोंबत असेल, याची कल्पना करावी.

शिवाय काख केवळ उन्हानें घामेजत नाहीं. यास कुनो या जपानी शरीरशास्त्रज्ञानें १९३४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत उष्णतेचा घाम आणि मनःक्षोभाचा घाम यांतील भेद विस्तारानें मांडला. तळहात व तळपाय मनःक्षोभानें भिजतात. काख दोहोंनीं भिजते. म्हणून घाम दिसेल या भीतीनेंच अधिक घाम येतो. त्या दिवशीं मीं मुलाला नकाशापुढें उभें करून जें केलें, तें याहून वेगळें नव्हतें.

आजीबाईंनीं घरीं इलाज केला होता. आहुप्याच्या बाजूस उन्हाळ्यांत बाळहिरडा गोळा करतात; तेथील महादेव कोळी कुटुंबांना त्यांतून रोख पैसा मिळतो. हिरड्यांत टॅनिन हें तुरट द्रव्य विपुल असतें. त्याच गुणामुळें तो कातडीं कमावण्यास उपयोगी पडतो. आजीनें हिरड्याची पूड नातवाच्या काखेंत चोळली होती. कल्पना अगदींच खुळी नव्हे, कारण तुरट पदार्थ त्वचा आकसवितात. पण सदऱ्यावर तपकिरी डाग पडून लाजेंत भर मात्र पडली. त्यापेक्षां न्हाव्याकडची तुरटी बरी. आंघोळीनंतर अंग कोरडें करून ओला खडा हलकेंच फिरवावा. नुकत्याच वस्तरा फिरविलेल्या जागीं लावूं नये, भयंकर झोंबते.

तुरटीनें भागलें नाहीं तर औषधांच्या दुकानांत ॲल्युमिनियम क्लोराइडचा द्राव मिळतो. त्याचे क्षार घर्मनलिकेच्या तोंडाशीं बुचासारखे बसतात. तो सकाळीं घाईंत लावणें व्यर्थ आहे. रात्रीं निजतांना, घाम मंदावलेला असतांना, पूर्ण कोरड्या त्वचेवर लावावा व सकाळीं धुवावा. ओल्या त्वचेवर त्यापासून आम्ल तयार होतें व आग होते. प्रथम कांहीं रात्री सलग आणि गुण आल्यावर आठवड्यांतून एकदां-दोनदां एवढें पुरतें. पावडरीनें घाम थांबत नाहीं, तिचा चिखल होतो. वासावर अत्तर शिंपडणें हा उपाय तर मूळ दुखण्याहून वाईट! आणि घाम कमी व्हावा म्हणून कित्येक मुलें पाणीच कमी पितात. तें आईबापांनीं वेळींच थांबवावें.

कपड्यांकडेही पाहावें. कृत्रिम धाग्याच्या गणवेशांत ओल कोंडते आणि वास सुती कपड्याहून अधिक टिकतो. सैल सुती सदरा, आंत बाह्यांचा बनियन आणि दप्तरांत एक जादा सदरा यांनीं पुष्कळ काम होतें. आहुप्यास पावसाळ्यांत कपडे वाळतच नाहींत, चुलीवर धरावे लागतात. पण दमट सदरा अंगावर चढविण्यापेक्षां धुराचा वास पुरवला. मुलींना हें आईनें किंवा मावशीनें, त्यांनीं विचारण्याची वाट न पाहतां, सांगावें.

दोन्ही काखांत सारखा येणारा, झोपेंत थांबणारा, घरांत वडिलांना किंवा काकांनाही असलेला घाम बहुधा निरुपद्रवी असतो. मात्र रात्रीं अंथरूण भिजूं लागलें, ज्वर येऊं लागला, वजन घटलें, छाती धडधडूं लागली किंवा एकाच बाजूस घाम येऊं लागला, तर डॉक्टरांस गांठावें; क्षय किंवा कंठग्रंथीचा विकार त्यामागें असूं शकतो. अगदींच हट्टी घामावर बोट्युलिनम विषाचीं सूक्ष्म टोंचणीं देतात; अमेरिकेंत त्यास २००४ सालीं मान्यता मिळाली. गुण कांहीं महिने टिकतो, खर्च बराच येतो. मज्जातंतु कापण्याची शस्त्रक्रियाही आहे, पण तीनंतर पाठीला किंवा पोटाला घाम सुटल्याचीं उदाहरणें पुष्कळ. कोवळ्या वयांत तिच्या वाटेस जाण्याची घाई करूं नये.

आजी गेल्यावर मीं तो नकाशा दोन हात खालीं टांगला. पुढल्या सोमवारीं मुलगा आला. अंगांत गणवेशाऐवजीं चुलत्याचा सैल सुती सदरा होता. त्याविषयीं मीं कांहीं विचारलें नाहीं.